उजव्या कानासाठी डॅक

बाबा, तुमचा सेट मी पुन्हा चालू केला आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चष्मा, घड्याळ, कारखान्याचा बिल्ला, सगळं कुठे कुठे गेलं. पण तो ॲम्प्लिफायर आणि ते कमरेएवढे दोन स्पीकर कोणी टाकले नाहीत. बल्लारपूरचं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा आईने ते जुन्या चादरींत गुंडाळले आणि सावली गावाजवळ मामाच्या घरी, धानाच्या पोत्यांच्या खोलीत नेऊन ठेवले. मग मी चंद्रपूरला फ्लॅट घेतला आणि ते माझ्याकडे आले, मागच्या खोलीच्या कोपऱ्यात. उंदरांनी एका स्पीकरचं कापड कुरतडलं होतं. बाकी काही झालं नव्हतं. तुमच्या वस्तूंना तुम्ही जपत होता, त्यामुळे त्या टिकल्या.

मी घुग्घुसला कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात नोकरी करते, रोज स्कूटरने जाते-येते. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा होतो. आई माझ्याजवळ राहते. भाऊ पुण्याला आहे आणि चेहऱ्याने दिवसेंदिवस तुमच्यासारखा होत चालला आहे, फोटोत तर दचकायला होतं. मी लग्न केलं नाही. त्याचं कारण या पत्रात वेगळं लिहीत नाही, पुढचं वाचलंत तर कळेल. वाचणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून तर लिहिते आहे.

मी लहान असतानाचा रविवार आहे. कॉलनीतल्या क्वार्टरची बाहेरची खोली. तुम्ही आंघोळ करून, पांढरं बनियन आणि पट्ट्यांचा पायजमा घालून गाण्याची तबकडी पुसताय. मऊ फडक्याने, गोल गोल, तान्ह्या पोराचं अंग पुसावं तसं. आम्ही दोघं भावंडं भिंतीला टेकून मांडी घालून बसलो आहोत. खोकला आला तर बाहेर जायचं, तहान लागली तर गाणं संपेपर्यंत थांबायचं. "सहा दिवस मशीनचा आवाज आयकतो मी," तुम्ही म्हणत होता. "एक दिवस मले घरात दुसरा कुठलाच आवाज नाई पायजे." ते आम्हाला पटत होतं. कागदाच्या कारखान्यात तुमची शिफ्ट असायची, तिथला आवाज आम्हाला कॉलनीतही ऐकू येत होता. शेजारच्यांना वाटायचं की केवढा रसिक माणूस आहे, स्वतः पोटाला चिमटा घेऊन एवढा सेट घेतला. पोटं आमचीही होती, पण तो विषय निघत नव्हता.

त्या रविवारी तुमच्या शिफ्टचे दोन सोबती आले होते. तुम्ही त्यांना बसायच्या जागा दाखवल्या, थोडं इकडे, थोडं तिकडे, दोन्ही स्पीकर सारखे ऐकू येतील असं. आईने आतल्या खोलीत कुकरमध्ये वरण लावलं होतं. आलाप हळूहळू वर चढत होता, तुम्ही डोळे मिटले होते, आणि कुकरची शिटी झाली. तुम्ही डोळे उघडले, पाहुण्यांकडे बघून हसलात. "एक मिनिट हं," म्हणालात आणि सुई उचलली. तुम्ही आत गेलात. आम्हाला एकच आवाज आला, ओलं कापड दगडावर आपटावं तसा. आई ओरडली नाही. तुम्ही बाहेर आलात, तळहात पायजम्याला पुसला आणि सुई पुन्हा ठेवली. जिथून उचलली होती तिथे नाही, अगदी सुरुवातीला. "आता नीट आयका," म्हणालात. त्या दोघांनी नीट ऐकलं. एक जण तर मांडीवर ताल धरत होता. त्याची मान कशी हलत होती ते मी अजून विसरले नाही.

आईच्या डाव्या कानातून आधी रक्त आलं, मग पाणी, मग पू. ती लसूण घालून तेल गरम करायची आणि कापसाचा बोळा घालायची. बायकांनी विचारलं की सांगायची, थंडीनं कान फुटला. दवाखान्यात नेण्याचा विषय तुम्ही काढला नाही, तिनेही नाही. कुकर मात्र तुम्ही लगेच भंगारवाल्याला देऊन टाकला. त्यानंतर आपल्या घरी वरण पातेल्यात शिजायचं आणि रविवारी ती पहाटेच चूल आटोपायची.

मग तुम्ही नागपूरहून तिला सोन्याचे टॉप्स आणले. हे मला सगळ्यात स्पष्ट आठवतं. तुम्ही स्वतः तिच्या कानात घातलेत. डाव्या कानाची पाळी अजून सुजलेली होती, मळसूत्र फिरवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तुम्हाला वाटलं की आनंदाने आलं. तुम्ही तिच्या डाव्या बाजूलाच उभे होता. "कसे वाटून राह्यले?" तुम्ही विचारलं. ती समोर बघत बसली. तुम्ही पुन्हा विचारलं. ती तशीच. मग तुम्ही तिच्या उजव्या बाजूला आलात आणि तेच पुन्हा विचारलं. "चांगले हायेत," ती म्हणाली. त्या दिवसापासून मरेपर्यंत तुम्ही आईशी उजवीकडूनच बोललात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं, बाबा. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की कदाचित यांना कळलंच नसेल. पण माणूस जागा बदलतो तेव्हा त्याला कळलेलं असतं.

आणि कळल्यावरही तुम्ही तो खेळ काढलात. "सांगा, तबला कोणत्या बाजूनं येऊन राह्यला?" पाहुण्यांना, आम्हाला, सगळ्यांना विचारायचा. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला ते सांगता येत नाही, हे मला आता कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा एवढंच दिसायचं की आई गोंधळते. ती माझ्याकडे बघायची आणि मी डोळ्यांनी बाजू दाखवायची. हे किती तरी दिवस चाललं. मग तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. "आता सांग," तुम्ही तिला म्हणालात. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. "उजवीकून," ती म्हणाली. तबला डावीकडे होता. "हिले भांडेच आयकू येते फक्त," तुम्ही म्हणालात, आणि पाहुणे हसले, आणि भाऊ हसला. भाऊ लहान होता, त्याला मी माफ केलं आहे. पाहुण्यांना केलेलं नाही.

आता इकडचं सांगते. यंदा पावसाळ्याच्या आधी आई फोनवर सारखं "काय? काय?" करायला लागली, म्हणून तिला चंद्रपूरलाच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. ती बोट वर करत होती. डॉक्टरांनी मला हळूच जवळ बोलावलं. "आवाज मी दिलेलाच नाही, तरी बोट वर होतं आहे," ते म्हणाले. आई त्यांच्या हाताकडे बघत होती. ते बटणापाशी हात नेत, की ही बोट वर करी. मग त्यांनी तिला पाठमोरी बसवलं. तेव्हा कळलं की उजवा कानही उतरणीला लागला आहे, आणि ऐकायचं यंत्र लावूनही किती दिवस साथ देईल ते सांगता येत नाही.

"डावा कधीपासून गेला?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे पोरगी लायनी होती तवापासून. थंडीनं फुटला," आई म्हणाली.

"नवऱ्याने मारलं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी लिहायचं थांबून तिच्याकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती. बाहेर आलो तर तिने माझा हात झिडकारला. भर रस्त्यात, रसाच्या गाडीपाशी, ती इतक्या मोठ्याने बोलली की माणसं थांबली. "काऊन सांगतलं तू? मेलेल्या माणसाची इज्जत काऊन काढतं? त्या डाक्टरचं काय जाते? आता तो मले पाहीन तवा हेच पाहीन!" मी म्हटलं, "खरं तेच सांगितलं." ती म्हणाली, "तुले खरं सांगाचं होतं त मले विचारून सांगाचं होतं. कान माहा हाये."

तिने आठवडाभर विषय काढला नाही. मग एका सकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यायचा डब्बा चालू होते का पाय. आयकू येऊन राह्यलं तोवर गाणे आयकून घेतो." मला वाटलं, चुकीचं ऐकलं. उभ्या आयुष्यात तिने त्या सेटजवळ केर काढण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तुम्ही तिला कधी तबकडी निवडायला सांगितली नाही. म्हणून मी हट्टालाच पेटले. म्हटलं, आता या घरात तिच्या पसंतीची गाणी त्याच सेटवर वाजतील आणि ती सांगेल तितकी वाजतील. तुमच्यावर सूड उगवायची एवढी एकच जागा मला सापडली होती.

तबकड्या वाजवायचं यंत्र कधीच मोडीत गेलं होतं आणि सेटबरोबर आलेल्या तबकड्या ओलीने वाकल्या होत्या, त्या मी भंगारात दिल्या. हो, सगळ्या. ॲम्प्लिफायर मात्र दोनदा खरखरला आणि सुरू झाला. गाणी आता इंटरनेटवर असतात, बाबा, जगातली सगळी. मी लॅपटॉपची वायर सेटला जोडली तर गाण्याच्या मागे घुमणारा आवाज यायला लागला, ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिल्यासारखा. चार्जर काढला की कमी, लावला की पुन्हा. आई म्हणाली, "हा तुह्या बाबाच्या कारखान्याचा आवाज हाये." शोधल्यावर कळलं की लॅपटॉपमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे असतात, ते स्पीकरला कळत नाहीत. आकड्यांचं पुन्हा आवाजाच्या विजेत रूपांतर करावं लागतं. लॅपटॉपच्या पोटात ते काम करणारा एक बारीक तुकडा असतोच, पण आजूबाजूच्या गर्दीची घाण त्यात मिसळते. तेच काम बाहेर, वेगळ्या डब्यात करून घ्यायचं. त्या डब्याला डॅक म्हणतात.

मग मी डॅकबद्दल वाचायला लागले. तुम्ही असता तर तुम्हाला स्वर्ग सापडला असता. देशोदेशीची माणसं या डब्यांवरून भांडतात. एक म्हणतो, डोळे बांधून ऐकलं तर स्वस्त-महाग काही कळत नाही. दुसरा म्हणतो, तुला कान नाहीत. चार-पाच जणांनी तर जवळजवळ एकसारखंच लिहिलं होतं की नवा डॅक लावला आणि बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली, आवाज किती बदलला म्हणाली. बऱ्याच जणांच्या लिहिण्यात बायको स्वयंपाकघरातच असते, हे माझ्या लक्षात आलं. मी लॅपटॉप मिटला आणि पोट धरून हसले. आईने विचारलं काय झालं. मी म्हटलं, बाबांचे सोबती भेटले.

गोल बाजारात एका दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, काय वाजवणार? जुनी गाणी, मी म्हटलं. "मंग एवढा विचार काऊन करून राह्यले मॅडम? सगळे सारखेच," तो म्हणाला आणि साबणाच्या डबीएवढा एक डॅक काढून दिला. मी पाहून ठेवलं होतं ते तपासलं. लॅपटॉपची वायर लागते का, वीज त्याच वायरीतून घेतो का, मागे लाल-पांढऱ्या पिना आहेत का. तुमच्या सेटला मागे ते जुनं गोल, पाच भोकांचं सॉकेट आहे, त्याला जोडायची वायर बनवून घ्यावी लागली. घरी आणून लावला. घुमणं गेलं. स्वच्छ. लॅपटॉपमध्ये एक सोय असते, डावी-उजवी बाजू एकत्र करून दोन्ही स्पीकरमधून सारखंच वाजवायची. ती मी चालू केली आणि दोन्ही स्पीकर आईच्या उजव्या हाताला, एकाला एक चिकटून ठेवले. तुम्ही पाहिलं असतं तर जेवला नसता.

त्यातच भावाचा फोन आला. मी सहज सांगितलं, तर तो केवढा हळवा झाला. "असला स्वस्तातला डबा बाबांच्या सेटला नको लावू," म्हणाला. "मी पाठवतो चांगला. त्यांच्या सेटला शोभला पाहिजे. आपले कान बाबांनी तयार केले, लक्षात ठेव."

"आपले तयार केले," मी म्हटलं. "आईचा एक बंद केला."

तो म्हणाला, "ते चुकून लागलं होतं गं. तू एकच गोष्ट किती वर्षं धरून बसशील?" मी विचारलं, "सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली, तेही चुकून?" त्याला ते आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, बाबा, आवाजावरून कळलं. त्याला गाणं आठवत होतं. कोणतं होतं, कोणाचं होतं, तो आलाप कसा होता, सगळं.

त्याचा डॅक कुरिअरने आला. जड, काळा, विटेसारखा. सुट्टीच्या दुपारी मी दोन्ही आळीपाळीने लावून बघायला बसले. आई तिच्या खुर्चीत होती. मी तेच गाणं आधी छोट्यावर लावायची, मग मोठ्यावर. खरं सांगायचं तर मोठ्यावर गळा पुढे आल्यासारखा वाटत होता, गाणारीचा श्वास कळत होता. फरक केसाएवढाच, पण होता. तेवढा ऐकायला मी कान टवकारून, अंग आवळून बसले होते. मग मोठ्यावरच आईने सांगितलेली गाणी ओळीने लावून दिली. गाणी ठिकठिकाणची, कोणतं जुन्या रेकॉर्डवरून घेतलेलं, कोणतं नवं, आणि एका प्रकारच्या फाइलचं संपून दुसऱ्या प्रकारचं आलं की तो विटेसारखा डबा आतल्या आत "टक" असा आवाज करायचा, क्षणभर बंद व्हायचा आणि मग पुढचं गाणं सुरू करायचा. महागड्या डब्यांची ती रीतच आहे म्हणे.

पहिल्या टकला आईने पदर सावरला. दुसऱ्याला तिचे खांदे वर गेले. मी विचारलं काय झालं, ती म्हणाली काई नाई. पुढच्या वेळी टक झाल्याबरोबर ती उठली, लगबगीने आत गेली आणि गॅस बंद करून आली. भाजी अर्धी कच्ची होती. बाहेर येऊन म्हणाली, "बाई, तो डब्बा—"

"आई, मधेच उठू नको ना!" मी ओरडले. "चूप बस जरा. सगळं गेलं."

ती ताबडतोब बसली. दोन्ही हात मांडीवर. मान थोडी वळवून तिने तिची डावी बाजू माझ्याकडे केली, मेलेला कान, आणि भिंतीकडे बघत बसली. तिने हे ठरवून केलं नाही. तिला ते करायला ठरवावं लागत नाही, इतकं ते तिच्या अंगात आहे. गाणं चालू होतं आणि मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मी सेट बंद केला, तिच्या उजवीकडे जाऊन जमिनीवर बसले. माफी मागितली. ती म्हणाली, "काई नाई व. तुले गाणं आयकाचं होतं." मी विचारलं, तो टक आवाज झाला की तुला काय होतं? ती पदराचा काठ चोळत राहिली. मग बोलली, आणि आजवर तुमच्याबद्दल ती एका दमात इतकं कधी बोलली नव्हती.

"तबकडी सरली का सुईचा हात आपल्या आपण उचले, टक करून. मंग तुहे बाबा उठत. उठल्यावर काय करतीन त्याचा नेम नाई राहे. दुसरी लावतीन, नाई त आत येतीन. गाणं चालू राहे तोवर त्यायचा हात बसून राहे. मले कोणतं गाणं हाये, कोणाचं हाये, काई ठाऊक नाई. मी गाणं नाई आयकत होती, माय. गाणं किती उरलं ते आयकत होती."

"मग आता कशाला पाहिजेत तुला गाणी?" मी विचारलं. माझा आवाज जरा कडकच आला.

"आता गाणं सरते, अन् कोणी उठत नाई," ती म्हणाली. "ते आयकाचं होतं मले. कान हाये तोवर."

तर असा निवडला मी डॅक, बाबा. तज्ज्ञ लोक सांगतात की आवाजाची खोली बघा, रुंदी बघा. मी एवढंच बघितलं की एक गाणं जाऊन दुसरं येताना आईचे खांदे वर जातात का. छोट्या डब्यावर जात नाहीत. तो टक करत नाही, गाणं हळूच संपतं, खोलीत पंख्याचा आवाज उरतो आणि मग पुढचं सुरू होतं. पहिले काही दिवस त्या मधल्या शांततेत ती दाराकडे बघायची. आता कधी बघते, कधी नाही. काल एक गाणं संपल्यावर तिने सेट बंदच करायला सांगितला आणि तशीच बसून राहिली, काही न ऐकता, चांगला वेळ. मला वाटलं डोळा लागला. डोळे उघडे होते.

भावाला सांगितलं की आईला छोटाच आवडला. तो म्हणाला, "तिला काय कळतं त्यातलं?" तुमचाच आवाज, तोच हेल. मी म्हटलं, तुझा परत पाठवते.

परत पाठवलेला नाही. कपाटात साड्यांच्या मागे आहे. आई मामाकडे सावलीला गेली की मी तो काढते, वायरी बदलते, दोन्ही स्पीकर वेगवेगळ्या भिंतींना लावते आणि एकटीच ऐकते. चांगला वाजतो. छोट्यापेक्षा चांगला वाजतो, हे मी भावाला सांगणार नाही, आईला तर मुळीच नाही. गेल्या वेळी ती गेली होती तेव्हा भर दुपारी असंच ऐकत असताना बेल वाजली. गॅसवाला होता, मीच सिलिंडर मागवलं होतं. मी उठले आणि दाराकडे जाताना जो राग माझ्या दंडातून खाली उतरला, तो मला नवा नव्हता, मी तो लहानपणी समोरून पाहिला होता. मी कडीजवळ पोचले आणि थांबले. तो पुन्हा बेल वाजवत होता, मॅडम मॅडम करत होता. मी दार उघडलं नाही. सिलिंडर जिन्यावर आपटत आपटत खाली गेलं, ते ऐकत मी आत उभी राहिले. आठवडाभर हॉटप्लेटवर स्वयंपाक केला.

तुम्ही दार उघडलं असतं, बाबा.